तलावाकाठी दोन दिवस : घरच्या मंडळींसह नवेगाव आणि नागझिरा

मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हिवाळी सहलीच्या संमतिपत्रांचा गठ्ठा दरवर्षी माझ्याकडे येतो. मुलांची पत्रे सह्या होऊन येतात. मुलींची बरीच पत्रे कोरीच परत येतात. "मॅडम, दिवसाची सहल असेल तर पाठवू, मुक्कामाला नको," असे पालक सांगतात. त्यांची काळजी मला समजते, मलाही दोन मुली आहेत. पण पुस्तकात जंगल, तलाव, स्थलांतरित पक्षी वाचायचे आणि त्यातले काहीच न पाहता मुलीने दहावी व्हायचे, हेही बरे नाही. म्हणून मी पालकांना म्हणते, शाळेबरोबर पाठवायचे नसेल तर तुम्ही स्वतः घेऊन जा. मग पुढचे प्रश्न येतात. दादीला कसे न्यायचे? नमाजचे काय? जेवण हलाल मिळेल का? खर्च किती? गेल्या डिसेंबरात आम्ही आठ जण जाऊन आलो. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत गावोगावी जुने तलाव आहेत आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकते. त्यातला नवेगावबांधचा तलाव फार मोठा, सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. तो निसर्गाने नाही, माणसाने बनवला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यात निष्णात होता. डोंगरांमधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची आणि पावसाचे पाणी अडवायचे, ही त्यांची विद्या. तलावाभोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. माझ्या मुलींना सगळ्यात आधी आवडले ते हे नाव.

या तलावाभोवतीचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. उत्तरेला नागझिरा अभयारण्य आहे, ते १९७० सालचे. २०१३ मध्ये ही जंगले मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावात नोकरी केली आणि त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' हे पुस्तकही प्रसिद्ध आहे. जाण्याआधी यातले एक तरी घरात वाचून काढावे. मुलांचे डोळे तयार होतात.

आणखी एक नाव मुलांना आवर्जून सांगा. नवेगावच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचे नाव दिले आहे. १८९६ साली मुंबईत एका मुस्लिम कुटुंबात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि मामांच्या घरी वाढला. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथून जो प्रवास सुरू झाला, त्याने भारताला त्याचा सर्वात मोठा पक्षितज्ज्ञ दिला. मुलाचा प्रश्न 'फालतू' म्हणून न झटकणारा मामा होता, म्हणून हे घडले. आपल्या घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

आता तयारीकडे वळू. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते आणि ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होते. कुटुंबासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हा तलावावर बाहेरून आलेली रानबदके असतात. नशीब असेल तर रस्त्याकडेच्या बांधीत सारसाची जोडी दिसते. महाराष्ट्रात हा उंच पक्षी आता मुख्यतः याच भागात उरला आहे. नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा असा महामार्ग धरून नवेगावबांधला तीन तासांच्या आसपास लागतात. रेल्वेने गोंदिया जंक्शनला उतरूनही जाता येते. सफारीची नोंदणी वनविभागाच्या संकेतस्थळावर आधी करावी. फी, वेळा आणि आठवड्याची सुट्टी तिथेच पाहावी, कारण त्या बदलतात. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र जवळ असू द्या. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून जावे. गाडीचा आणि मुक्कामाचा खर्च वाटला जातो, आणि मुलींना सोबतही होते.

नमाजचा विचार करून सफारी निवडावी. फेरी सुरू झाल्यावर वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही. थंडीत दुपारची फेरी सूर्यास्तापर्यंत चालते, म्हणजे असर मध्येच येते. सकाळच्या फेरीला अडचण नाही. फज्र पढून निघा, जोहरच्या आधी परत येता. मुक्कामी कसर करायची का, हे निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. किब्ल्याची एक गंमत मुलांना नकाशावर दाखवा. गोंदिया आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेएकवीस अंशांच्या आसपास. तरीही पृथ्वी गोल असल्याने किब्ला नेमका पश्चिमेला न येता थोडा उत्तरेकडे झुकतो. माझ्या नववीतल्या मुलीने हे चेंडूवर दोरा ताणून स्वतः तपासले.

जेवणाची अडचण वाटते तेवढी नाही. भात, वरण, भाजी सगळीकडे मिळते. तलावाचा ताजा मासा मिळाला तर जबिह्याचा प्रश्नच उरत नाही, फक्त तेल-भांड्यांची चौकशी करावी. आम्ही घरून खिमा, रोट्या आणि चटणी नेली होती, पहिला दिवस त्यावर निघाला. उघड्या जिप्सीत सकाळी थंडी बोचते, म्हणून शाल, मोजे हवेत. बुरखा किंवा ओढणी गडद मातकट रंगाची असली की जंगलात शोभते आणि पक्षीही बुजत नाहीत.

अम्मींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या यायला तयार नव्हत्या. "मला वाघ बघून काय करायचे?" म्हणाल्या. नवेगावला तलावाच्या काठापर्यंत जिप्सीशिवाय जाता येते. त्या खुर्ची टाकून पाळीवर बसल्या, हातात तसबीह, समोर पाणी. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून जिप्सीत बसल्या. वाटेत वाटाड्याने एक झाड दाखवून सांगितले, हा तेंदू. अम्मी एकदम सावरून बसल्या. लग्नानंतर वीस वर्षे त्यांनी घरी बिड्या वळल्या. त्याच पैशांतून माझ्या नणंदांची शिक्षणे झाली. तेंदूचे पान त्यांनी लाखो वेळा हातात घेतले होते, झाड मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या. गाडी जरा थांबवायला सांगून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढे उंच असते?" नातींनी त्या दिवशी दादीला जितके प्रश्न विचारले, तितके घरी वर्षभरात विचारले नव्हते.

वाघ आम्हाला दिसला नाही. गवे दिसले, चितळांचे कळप दिसले, नागझिऱ्याच्या तलावावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसले. सूरह मुल्कमध्ये पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे पाहायला सांगितले आहे. ते आपण दरवेळी तिलावतीत वाचतो. प्रत्यक्ष पाहायला वेळ काढावा लागतो.

दोन गोष्टी पाळा. प्लास्टिक जंगलात नेऊ नका आणि मोबाईलवर गाणी लावू नका. आणि एक गोष्ट जरूर करा. ठिकाण, तारीख, खर्चाचा हिशेब, सामानाची यादी, हे सगळे घरातल्या मुलीच्या हातात द्या. माझ्या मुलीने वहीत आठ जणांचा खर्च मांडला, नोंदणी केली आणि अब्बांना बजावले की पहाटे पाचला गाडी हवी. यंदा शाळेच्या सहलीचे पत्र आले, तेव्हा तिच्या अब्बांनी ते वाचले, मुक्कामाची जागा आणि सोबतच्या शिक्षिकांची नावे विचारली आणि सही केली.