बेल्लमपल्लीहून कालेश्वरला

दिवाळीच्या सुटीत नागपूरचे मामा-मामी आमच्याकडे बेल्लमपल्लीस आले. "येथे कोळशाच्या खाणींवाचून पाहण्यासारखे आहे तरी काय?" मामांनी सहज विचारले. आम्ही परमुलखात राहतो, याची मामींना कीवच येत असे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून त्यांना कालेश्वरला नेले. तेथील गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन शिवलिंगे आहेत. एक यमाचे, दुसरे मुक्तेश्वराचे. दर्शन घेऊन आम्ही संगमावर आलो. गोदावरी नाशिककडून येते, प्राणहिता उत्तरेकडून.

मी म्हटले, "मामा, तुमची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक झाल्या की प्राणहिता. हे तुमच्याच गावचे पाणी."

पलीकडे सिरोंच्याचा, म्हणजे महाराष्ट्राचा काठ होता. पणजोबांनी बांधलेले आमचे घर जागचे हललेले नाही. मात्र १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते, मग आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. २०१६ साली आदिलाबादऐवजी मंचेरियाल हा जिल्हा झाला.

मामा बराच वेळ गप्प होते. मामींनी ओंजळीतले पाणी डोळ्यांना लावले. "पुढच्या खेपेस तुझ्या आजीलाही घेऊन येऊ," त्या म्हणाल्या.