पहिली धार

भाचा मुंबईत, फोर्टातल्या एका कॉकटेल बारमध्ये कामाला आहे. "मामा, एकदा माझ्या हातचं घेऊन जा," असं दोन वर्षं म्हणत होता. एप्रिलातल्या एका शनिवारी आटगावला लोकल धरली आणि गेलो.

काळा घोड्याच्या मागची गल्ली, जुनी दगडी इमारत, उंच छत. या भागाची तटबंदी 1860च्या दशकात पाडली, तरी फोर्ट हे नाव लोकांनी सोडलं नाही. आत उजेड अगदी मंद, बोलणी हळू. भाच्याने माझ्यासमोर एक पेला ठेवला. लिंबू, कोकम, काचेसारखा बर्फाचा एकच मोठा तुकडा, आणि आणखी काहीतरी. "ओळख," म्हणाला.

नाकाशी नेला आणि आजीचं अंगण समोर आलं. मोहाची फुलं उजाडायच्या आधी गळतात. आजी आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवायची, म्हणजे फुलं मातीत हरवत नाहीत. पिवळसर, रसरशीत, बोटांना चिकटणारी. टोपली भरली की अंगणात वाळत घालायची. चार-पाच दिवसांत मनुकांसारखी तपकिरी व्हायची. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की हीच फुलं भाजून, उकडून आम्हाला खायला मिळत. दारू हा मोहाचा एक उपयोग, एकमेव नव्हे. तीही लग्नात, देवकार्यात, पाहुण्यासाठी. पहिल्या धारेची आली की आधी चार थेंब जमिनीवर, धरतरीला. मग माणसांनी घ्यायची. आजीही घ्यायची, पण उभ्याने कधीच नाही. बसून, पदर सावरून.

मी पेल्यात बोट बुडवलं आणि चार थेंब फरशीवर सोडले. भाचा बघत होता. त्याने फडकं उचललं नाही.

"बर्फ कसला रे?"

"नळाच्याच पाण्याचा. गाळून घेतो."

मुंबईच्या नळाला सात तलावांचं पाणी येतं, आणि त्यातलं एक आमचं तानसा. आघईजवळचं हे दगडी धरण 1892 साली पुरं झालं. जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीची भिंत, आणि तिथून पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी शहराकडे निघतं. बांधणाऱ्यांचं ते काम थोर आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं भिंत उभी आहे. पण त्याच 1892 साली मुंबई सरकारने मोहाचा कायदाही केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करणं, जवळ बाळगणं यावर बंदी आली. घरोघरच्या भट्ट्यांमुळे अबकारीचं उत्पन्न बुडत होतं, हे त्यामागचं खरं दुखणं. अंगणात वाळणारं अन्न एका कागदाने गुन्हा ठरलं. पाणी आणि फूल, दोन्ही एकाच वर्षी आमच्या हातातून गेली, आणि सव्वाशे वर्षांनी या पेल्यात भेटली.

पेय छान होतं. मोहाचा तो धुरकट गोडवा भाच्याने कोकमात बुडू दिला नव्हता. जाण असल्याशिवाय हे जमत नाही. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे 2021 साली फुलांवरची बंधनं उठली. भट्टी मात्र अजून लपूनच पेटते. मेनूकार्डावर मोह होता. कुठल्या रानातला, ते नव्हतं.

"गावाचं नाव लिहा रे त्यावर," मी म्हणालो. भाच्याने मान हलवली. तुमच्यासमोर कधी असा पेला आला, तर तुम्हीही विचारा: फुलं कुठल्या पाड्यावरची, आणि वेचणारीच्या हातात किलोमागे काय पडलं?

मध्यरात्रीची शेवटची कसारा पकडली. पहाटे तीनच्या आत आटगावला उतरलो. धाकटा भाऊ गाडी घेऊन थांबला होता. तलावाच्या रस्त्याला हवेत तोच वास होता. पाड्याजवळ दोघी बायका बॅटरी आणि टोपल्या घेऊन मोहाकडे निघालेल्या दिसल्या. विहिरीपाशी रिकामे हंडे रांगेत लावून ठेवले होते. टँकर दुपारी यायचा होता.