जुन्या सर्व्हरचा निरोप

आपल्या शाळेच्या कार्यालयातील सहा संगणक ज्या सर्व्हरवर विसंबून होते, त्यावर ‘विंडोज सर्व्हर २००३’ ही प्रणाली होती. १४ जुलै २०१५ नंतर तिच्या सुरक्षेच्या नियमित सुधारणा मिळणे बंद झाले आणि स्थलांतराचे काम या शाळेच्या माजी विद्यार्थ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आले. यंत्र बदलणे अवघड नव्हते. परंतु त्यात जनरल रजिस्टरच्या नोंदी होत्या. आमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांजवळ जन्मतारखेचा दुसरा पुरावा नव्हता. दाखल्यावरील तीच तारीख पुढे नोकरीपर्यंत सोबत येते.

रोज रात्री बॅकअप होत असे, म्हणून मी निश्चिंत होतो. तो नव्या सर्व्हरवर उतरवून पाहिला, तेव्हा दोन वर्षांच्या फाइली उघडेनात. जुना सर्व्हर अद्याप चालू होता, म्हणूनच निभावले. त्यावरून थेट प्रत घेतली, एकेक नोंद मूळ रजिस्टराशी ताडून पाहिली आणि मगच ते यंत्र बंद केले.

अनित्यतेचा पाठ मी याच शाळेच्या वंदनेत शिकलो होतो. अप्रमादाचा अर्थ त्या रात्री उमगला. आता दर महिन्याला बॅकअप उतरवून पाहतो.