शाळेचा हिशेब, रियालांत

तुम्ही अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असाल, तर खाजगी शाळा की सरकारी, हा तुमच्यापुढे निदान प्रश्न तरी असतो. आखातात तो तसा येतच नाही. मत्रहमधल्या सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या, मुख्यतः ओमानी मुलांसाठी, फुकट. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या देशात मुलग्यांच्या तीन सरकारी शाळा होत्या, त्यांतली एक इथलीच. पन्नास वर्षांत या देशाने शिक्षणात काय करून दाखवलं ते बघून कौतुक वाटतं. पण ते माझ्या मुलीच्या उपयोगाचं नाही.

मग उरतात भारतीय शाळा. दारसैतची इंडियन स्कूल मस्कत १९७५ सालची. तिच्यासारख्या शाळा आता देशभर आहेत. त्यांना खाजगी म्हणावं का? मालक कोणी नाही, नफा वाटला जात नाही, संचालक मंडळावर पालकांनी निवडून दिलेले सदस्य असतात. सरकारी म्हणावं, तर शिक्षकांचे पगार पालकांच्या फीतून होतात. आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलं की ती खाजगी असणार हे ठरलेलं; इथे नेमका उलटा घोळ आहे. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांची वर्षाची फी हजारो रियालांत जाते, तो रस्ता मी विचारातही घेत नाही.

मी पोस्टडॉक आहे. करार दोन वर्षांचा, त्यात मुलांच्या शिक्षणाचा भत्ता नाही. मुलगी एप्रिलमध्ये पहिलीत जाईल. फी, बस, पुस्तकं, गणवेश मिळून आमचा अंदाज महिन्याला सत्तर रियाल. रियालाला दोनशेवर रुपये धरा, म्हणजे चौदा हजारांच्या वर. घरभाडं एकशे ऐंशी. या दोन आकड्यांनंतर शिलकीचा रकाना फारसा लांब राहत नाही.

दुसरा पर्याय साताऱ्याचा. ही आणि मुलगी गावी जातील, मी इथे कोणाबरोबर तरी खोली वाटून घेईन. भाडं निम्म्याहून कमी. झेडपीची शाळा घरापासून दोन मिनिटांवर. फी नाही, पुस्तकं नि गणवेश मिळतो, दुपारचं जेवणही. शिवाय मराठी आपोआप येईल. खरं तर मराठीसाठी झेडपीच हवी असंही नाही, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सीबीएसई शाळांनाही ती शिकवावी लागते. कागदावर हा पर्याय सरळ जिंकतो.

मी हे फोनवर आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “अरे, तुझ्या वेळची शाळा राहिली नाही. गावातली पोरं सकाळी व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात. आपल्या शाळेचा पट सतरा.” २०२३ मध्ये सरकारने वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते, ते तुम्ही वाचलं असेल. म्हणजे दोन मिनिटांवरची शाळा मुलगी चौथीत जाईपर्यंत दोन मिनिटांवर राहील याची खात्री नाही. मग तीही व्हॅनमध्ये बसणार, फी आणि डोनेशनसकट. आरटीईच्या पंचवीस टक्के जागा आमच्यासाठी नाहीत, आणि नसाव्यातच. ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजूला सारायचा प्रयत्न झाला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला सूट, असा नियम आणला गेला. उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. जी सरकारी शाळा जवळ आहे म्हणून सूट द्यायची, ती चालवायची इच्छा किती, हे मात्र कोणी विचारलं नाही.

अमेरिकेतल्या मित्राला वाटतं, मी फार मोजतो. त्याची शाळा फुकट आहे. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायला त्याने जो जास्तीचा हप्ता पत्करलाय, तो त्याच्या हिशेबात शाळेच्या रकान्यात येत नाही, एवढंच.

आणि एक रकाना मला मांडताच येत नाही. बाप एकीकडे, पोरं गावच्या शाळेत, हा हिशेब आमच्या सातारा जिल्ह्याला नवा नाही. माझे आजोबा गिरणीत होते. लालबागला गाळ्यात, खानावळीचं जेवण. आबांना ते वर्षातून दोनदा दिसायचे, गणपतीत आणि शिमग्याला. १९८२ चा संप झाला आणि आजोबा कायमचे घरी आले, तेव्हा आबा पंचवीस वर्षांचे होते. “दोघांनी काय बोलायचं तेच कळेना,” असं आबा एकदा हसत म्हणाले होते. या वेळी फोनवर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. पोरीला सायकल येते का, एवढं विचारलं.

हिचं म्हणणं वेगळं आणि जास्त व्यवहारी आहे. ती म्हणते, साताऱ्याच्या हिशेबात तू माझी नोकरी शून्य धरलीस. इथे ती घरी चार मुलांच्या शिकवण्या घेते. तेवढ्यात निदान बसचे पैसे निघतात. मी तो रकाना वाढवला.

प्रवेशाचा अर्ज आम्ही इथल्या शाळेत भरला आहे. पहिली इथेच. भाड्याचं घर एका खोलीने लहान करतोय, मासळीबाजारापासून थोडं लांब. दुसरीचं काय ते माझ्या कराराच्या नूतनीकरणावर आहे, आणि ते मार्चपर्यंत कळत नाही.