परग्रहावरचे नेमके कोण?

गेल्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात पोरांना 'डिस्ट्रिक्ट ९' दाखवला. २००९ चा सिनेमा. जोहान्सबर्गवर परग्रहवासीयांचं यान अडकतं. माणसं त्यांना कुंपणाआड झोपडपट्टीत कोंडतात, 'प्रॉन' म्हणजे कोळंबी म्हणून हिणवतात. मग एक साहेब फायली घेऊन दारोदार फिरतो. सही करा, वस्ती हलवायची आहे.

मागून एक पोरगा ओरडला, "दादा, ही तर आपली नोटीस!"

खरंच होतं. पात्र-अपात्रची यादी लागली तेव्हा आमच्या गल्लीत असाच एक साहेब आला होता. त्याचा आवाजही असाच गोड होता.

ज्यांना हे भविष्य वाटतं, त्यांनी केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स आठवावा. १९६६ मध्ये तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढे साठ हजारांवर माणसं तिथून हाकलली गेली. सिनेमाचं नाव तिकडेच बोट दाखवतं. तरी प्रेक्षक हळहळतो तो परग्रहवासीयांसाठी नाही. तो गोरा साहेबच हळूहळू 'प्रॉन' होऊ लागतो, तेव्हा हळहळतो. अन्याय कळायला आधी आपल्यातला कोणीतरी भरडला जावा लागतो. सवर्ण वाचकाची सहानुभूती आम्हाला काही वेगळी भेटलेली नाही.

पण आम्हाला जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. याच दिग्दर्शकाने, नील ब्लॉमकॅम्पने, आधी २००५ मध्ये 'अलाइव्ह इन जोबर्ग' हा लघुपट केला होता. त्यात परग्रहवासीयांबद्दल तक्रार करणारी काही माणसं नट नव्हती. त्यांना झिम्बाब्वेहून आलेल्या लोकांबद्दल विचारलं होतं आणि त्यांनी मनापासून उत्तरं दिली होती. म्हणजे वर्णभेदाने पोळलेल्या देशातलीच माणसं, आणि त्यांचं बोलणं परग्रहवासीयांना जसंच्या तसं लागू पडलं. पुढे मे २००८ मध्ये तिथे परदेशी मजुरांवर हल्ले झाले, साठेक माणसं मेली. आणि भेदभावावरच्या या सिनेमानेही नायजेरियन माणसं रंगवली ती गुंड आणि नरभक्षक म्हणून. नायजेरियाच्या सरकारने हरकत घेतली ती उगीच नव्हे.

चर्चेला बसलो. नोटीस म्हणून ओरडलेलाच पोरगा म्हणाला, "पण दादा, नाल्याकडच्या त्या बिहारी-बंगाल्यांना काढलंच पाहिजे. घाण करतात, कामं पळवतात."

आम्ही एम.ए.ला अस्मितेवर पेपर लिहिलेत. त्या क्षणी काही सुचलं नाही. मग विचारलं, "तुझे आजोबा ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले, तेव्हा इथले लोक त्यांना काय म्हणायचे?"

"ते वेगळं. आपण इथलेच."

"गावकुसाबाहेर होतो तेव्हाही इथलेच होतो ना रे?"

तो गप्प बसला. पटलं म्हणून की आमचा मान राखायचा म्हणून, कळलं नाही.

नाल्याकडच्या खोल्यांतली दोन मुलं आमच्या अभ्यासिकेत येतात, मागच्या सतरंजीवर बसतात. येत्या रविवारी त्यांनाही बोलवायचं का, यावर कमिटीत एकमत नाही. आम्ही निरोप धाडला आहे.