नार्वार्तेतला हिवाळा

मेक्सिको सिटीत थंडी घरात असते, रस्त्यावर नसते. डिसेंबरात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी बावीसच्या आसपास जातो. पण काँक्रीटच्या भिंती रात्रीचा गारठा दिवसभर धरून ठेवतात, आणि घर गरम करायची सोय जवळजवळ कुणाकडेच नसते. सकाळी अकराला मी स्वेटर, शाल, पायमोजे अशा जामानिम्यात ओट्यापाशी कुडकुडत असायचे आणि खिडकीतून खाली बघावं तर लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, उन्हाची बाजू धरून, संत्र्याचा रस पीत उभे. थंडी वाजली की दारं-खिडक्या लावून बसायची आपली सवय. तिथे थंडी वाजली की चपला घालून बाहेर पडायचं.

मुलीची तिकडे बदली झाली होती. मी नोव्हेंबरात गेले ती फेब्रुवारी सरता सरता परतले. ती साडेआठला बाहेर पडली की रात्रीच उगवायची, त्यामुळे घर माझ्या ताब्यात होतं. नार्वार्ते ही मध्यमवर्गीय वस्ती. चार-पाच मजली इमारती, तळाशी गॅरेज, दातांचा दवाखाना, शिंपी, कोपऱ्यावर ताकोची गाडी. रस्त्यांना जुन्या नगरांची नावं आहेत, उश्माल, पालेंके, मित्ला. जवळच्या एतिओपिया मेट्रो स्टेशनची खूण सिंहाचं तोंड, पुढच्या एउहेनियाची करकोचा. 1969 साली मेट्रो सुरू झाली तेव्हा वाचता न येणाऱ्यांनाही स्टेशन ओळखता यावं म्हणून प्रत्येकाला चित्र दिलं गेलं. माझ्यासारख्या, स्पॅनिश अडखळत वाचणाऱ्या बाईला ते फार सोयीचं पडलं.

पण खरं काम डोळ्यांपेक्षा कानांचं होतं. त्या शहरात घर चालवायचं तर कान उघडे ठेवावे लागतात, कारण लागेल ते सगळं आवाज करत दारावरून जातं. सकाळी सायकलवर तामालवाला येतो, तामाल म्हणजे पानात बांधून वाफवलेलं मक्याचं पीठ. तो स्वतः गप्प असतो, त्याची ध्वनिफीत बोलते. धार लावणारा छोट्या बासरीवर सूर चढवून उतरवतो. गॅसवाला ‘गास’मधला ‘आ’ इतका लांबवतो, की तो संपेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येतं. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे बुधले घेऊन तीनचाकी सायकल येते. तलाव बुजवत वाढलेलं हे शहर पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून, डोंगर चढवून आणतं. नळाचं पाणी मात्र कुणी पीत नाही.

भंगारवाल्यांच्या गाड्यांवर एका लहान मुलीचा आवाज लागतो. गाद्या, फ्रीज, शेगड्या, जुनं लोखंड, काय काय विकत घेऊ त्याची यादी ती रडवेल्या सुरात म्हणते. एका भंगारवाल्यानं 2004च्या सुमारास आपल्या मुलीकडून ती म्हणवून घेतली आणि ती फीत शहरभर पसरली. ती मुलगी आता बाई झाली असेल. आवाज मात्र अजून नऊ-दहा वर्षांचाच आहे.

यात सर्वांत महत्त्वाची घंटा कचऱ्याची. गाडीच्या पुढे एक माणूस हातात पितळी घंटा हलवत चालत येतो, आणि इमारतीतली सगळी दारं एकदम वाजतात. ओल्याची पिशवी एका हातात, सुक्याची दुसऱ्या, काहींच्या पायात घरातल्याच सपाता. गाडीवरची माणसं पिशव्या घेतात, तिथल्या तिथे बाटल्या आणि पुठ्ठे वेगळे काढून बाजूला अडकवलेल्या गोण्यांत टाकतात, कारण ते विकून चार पैसे मिळतात. आपणही नाणं-दोन नाणी हातावर ठेवायची असतात. कचऱ्याच्या निमित्तानं माझ्या जेवढ्या ओळखी झाल्या तेवढ्या मुलीच्या दोन वर्षांत झाल्या नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या आजी तिथेच भेटल्या. त्या मला ‘सेन्योरा’ म्हणत, मी त्यांना ‘सेन्योरा’ म्हणे. त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं, पण उरलेलं निम्मं त्या हातांनी सांगायच्या.

एकदा त्यांनी लेकीला जिन्यात गाठून विचारलं, की हल्ली कामोतेवाला सकाळीच कसा येतो? कामोते म्हणजे रताळी. लोखंडी भट्टीची गाडी ढकलत रताळी आणि केळी भाजून विकणारा संध्याकाळी अंधार पडल्यावर येतो, आणि भट्टीच्या धुराड्यातून वाफ सोडून कर्कश शिट्टी मारतो. सकाळी वाजायची ती शिट्टी माझ्या कुकरची होती. तिकडचे कुकर नुसते फुसफुसतात. शहर 2240 मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सहाशे मीटर वर. तिथे पाणी साधारण ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा हाताला लागतो. म्हणून जास्तीच्या शिट्ट्या. आजींना कुकर दाखवला तेव्हा त्यांनी शिट्टी काढून फुंकून पाहिली.

दुपारचं जेवण दोन ते चारच्या मध्ये, आणि त्याआधी तोर्तियाच्या दुकानापुढे रांग. दुकान म्हणजे दर्शनी भागात एक खडखडणारं यंत्र. वर पिठाचा गोळा टाकतात, खाली साखळीच्या पट्ट्यावरून चपट्या चकत्या फिरत फिरत भाजून निघतात आणि टोकाशी एकावर एक पडतात. बाई त्या बोटं न भाजू देता उचलते, तराजूत किलो-अर्धा किलो टाकते, पातळ कागदात गुंडाळते. जाणत्या बायका घरूनच भरतकामाचं फडकं आणतात. रांगेत उभं राहिलं, की ओल्या चुन्याचा आणि भाजल्या मक्याचा वास येतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर तसाच ठेवून, साल सुटलं की दळायचा, ही रीत हजारो वर्षांची आहे. त्यानं पीठ चिकट होतं आणि मक्यातलं जीवनसत्त्वही अंगी लागतं. जगात इतरत्र मका गेला पण चुना गेला नाही, तिथे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगानं गाठलं. मी पानाला लावायचा चुना तेवढा ओळखत होते.

या मक्याशी एका मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत होते. ब्रिटिशांमुळे मायदेश बंद झाला तेव्हा ते 1924 साली मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवू लागले. मक्याच्या संकरित वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, आणि तीसेक वर्षं तिथेच काढून मग नागपूरला परतले. दिएगो रिव्हेराशी त्यांची मैत्री होती. शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत, त्यात ‘आमची भाकर’ अशा अर्थाचं एक चित्र आहे. ते बघायला एका रविवारी लेकीला घेऊन सोकालो या मुख्य चौकापर्यंत मेट्रोनं गेले. टेबलापाशी नाना देशांची माणसं बसली आहेत आणि मध्यभागी खानखोजे पाव मोडताहेत. आयुष्य मक्यात घालवलेल्या माणसाच्या हातात चित्रकारानं पाव का दिला असेल, हे मला तिथल्या रखवालदाराला विचारायचं होतं, पण तेवढं स्पॅनिश नव्हतं. त्याला मी फक्त ‘माझ्या गावाकडचे’ एवढंच सांगितलं. त्यानं अदबीनं मान हलवली आणि चित्राकडे नव्यानं पाहिलं.

डिसेंबर तिथे कामाचा महिना नाही. बारा तारखेला ग्वादालुपेच्या मातेचा उत्सव. 1531 साली तेपेयाकच्या टेकडीवर तिनं हुआन दिएगोला दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे. आठवडाभर आधीपासून पाठीवर तिची तसबीर बांधलेली माणसं पायी, सायकलींवर, ट्रकांत भरून शहरात येत होती. अकराच्या मध्यरात्री आमच्या गल्लीतल्या छोट्या देवळीसमोर बँड वाजला आणि पहाटेपर्यंत दारूचे बाण उडत राहिले. वारी पाहिलेल्याला गर्दीचं नवल नाही. नवल वाटलं ते गर्दी सरल्यावर देवळात गेले तेव्हा. 1976च्या नव्या देवळात मूर्त नाही, चित्र आहे, आणि त्याच्याखालून विमानतळावर असतो तसा सरकता पट्टा जातो. उभं राहायचं, वर बघायचं, पट्टा तुम्हाला पुढे नेतो. ढकलाढकली नाही, ‘चला, चला’ नाही. मी फिरून फिरून पट्ट्यावर उभी राहिले.

सोळापासून चोवीसपर्यंत पोसादा. आमच्या इमारतीची एकवीसला होती. निम्मे लोक मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर, निम्मे आत. बाहेरचे गात आसरा मागतात, आतले गात नाकारतात, आणि बऱ्याच कडव्यांनंतर दार उघडतं. मला बाहेर उभं केलं होतं. तेवढ्या वेळात मेणबत्तीवर हात शेकून घेतले. मग उसाचे तुकडे, पेरू आणि तेहोकोते नावाचं आंबटगोड पिवळं फळ घालून उकळलेलं गरम पेय. तेव्हा कुठे घरात बसूनही ऊब आली. मुलांनी सात टोकांची पिन्याता फोडली, भुईमूग आणि मोसंबी जिन्यापर्यंत घरंगळत गेली.

जानेवारीत एका रात्री भूकंपाचा भोंगा झाला. खांबांवरच्या कर्ण्यांतून येणारा तो यांत्रिक हुंकार एकदा ऐकला की विसरत नाही. संवेदक पॅसिफिक किनाऱ्याकडे असतात, तिथून धक्का शहरात पोचायला मिनिटभर लागतं, तेवढाच अवधी. शहर तलावाच्या गाळावर असल्यामुळे लांबचा धक्काही इथे मोठा होतो. 1985 आणि 2017चे दोन्ही भूकंप एकोणीस सप्टेंबरलाच झाले, ते लोकांच्या अंगात मुरलं आहे. इमारत पांघरुणांसकट रस्त्यावर आली. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. माझ्या पायाला काही जाणवलं नाही, विजेच्या तारा तेवढ्या हलत होत्या. पंधरा मिनिटांनी लोक वर जाऊ लागले, तर कोपऱ्यावरच्या ताकोवाल्यानं विझवलेली शेगडी पुन्हा पेटवली आणि निम्मे तिथेच थांबले.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या दिवशी, रोस्का कापतात. रोस्का म्हणजे अंडाकृती गोड पाव, वर रंगीत फळांच्या पट्ट्या. आत प्लॅस्टिकची इवली बाळं दडवलेली असतात आणि ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. माझ्या तुकड्यात निघालं. आजींनी ते चाटूनपुसून माझ्या तळहातावर ठेवलं आणि ‘तामालेस, सेन्योरा’ म्हणून बजावलं.

अडचण अशी, की तामालच्या पिठात डुकराची चरबी फेटतात आणि मी शाकाहारी. तेलात करू का, असं विचारल्यावर आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललेच नाही. मग माझं माहेर आठवलं, गुहागर. नार्वार्तेच्या आठवडी बाजारात गुलाबी ताडपत्रीखाली केळीची पानं मिळतात, कारण ओआहाकाकडचे तामाल त्यातच बांधतात. तांदळाचं पीठ, खोबरं, आणि गुळाऐवजी सुळक्यासारख्या ढेपेतला पिलोन्सियो मिळाला. आजींकडून त्यांचा कोमाल, म्हणजे तवा, मागून घेतला. पानावर पीठ थापायचं, वरून दुसरं पान, आणि पान करपेपर्यंत भाजायचं. माहेरची पानगी.

दोन तारखेला आजी आपल्या बाळयेशूला नवे कपडे घालून, टोपलीत बसवून देवळात नेऊन आल्या आणि टोपलीसकट आमच्याकडे आल्या. शेजाऱ्यांनी विकतचे तामालही आणले होते, बहुधा खबरदारी म्हणून. पानगीची पानं सोडल्यावर सगळे जरा गप्प झाले. मग पहिल्या मजल्यावरच्या मुलानं तिच्यावर हिरव्या मिरचीची चटणी ओतली आणि बाकीच्यांनीही ओतली. आजींनी चटणीशिवाय खाल्ली, चरबी घातली असतीत तर आणखी हलकी झाली असती असं सांगितलं, आणि दुसरी घेतली.