दवाचा जमाखर्च

नेदरलँड्समध्ये ट्युलिप आणि पवनचक्क्या बघून झाल्या, की एखाद्या दिवशी उजाडायच्या आत गाईंच्या गोठ्याजवळच्या कुरणात चला. तुमचे बूट ओलेचिंब होतील. माझं पोस्टडॉकचं काम या ओलाव्यावरच आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढी पीएचडी करून दव मोजतेस?" हो, मोजते.

गाईंचं शेण आणि मूत एकत्र आलं की अमोनिया सुटतो. तो पाण्यात चटकन विरघळतो. रात्री गवतावर दव धरलं की हवेतला अमोनिया त्यात उतरतो आणि आमची उपकरणं 'जमा' दाखवतात. ऊन चढलं की थेंब आटतो आणि त्यातला बराचसा अमोनिया परत हवेत जातो. म्हणजे रात्रीची जमा ही बरीचशी उसनवारीच.

किती परत जाणार, हे थेंब किती आंबट आहे त्यावर ठरतं. हरभऱ्याची आंब आठवते? पहाटे पिकावर फडकं फिरवायचं आणि पिळून घ्यायचं. तसा आंबट थेंब अमोनियाला धरून ठेवतो. वाळला तरी मागे क्षार उरतो. युरोपात दव आंबट करायचं काम कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड करत असे. १९८० नंतर तो झपाट्याने घटला. हवा सुधारली, दवातलं आम्ल कमी झालं आणि अमोनियाला सुटायला वाट मिळाली. एका प्रदूषणाने दुसऱ्याला बांधून ठेवलं होतं, हे मला अजूनही चमत्कारिक वाटतं.

इथे हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. २९ मे २०१९ रोजी इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नायट्रोजनच्या परवान्यांची पद्धत बेकायदा ठरवली. बांधकामं अडकली, ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. वाद 'हेक्टरी इतके मोल' असा चालतो. (रसायनशास्त्राचं एकक चावडीवर आलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.) नायट्रोजन वाढला की संरक्षित माळांवरची जांभळी हीथ मागे पडते आणि गवत माजतं.

ज्यांच्या कुरणात आमची उपकरणं आहेत त्या आजोबांनी विचारलं, "परत हवेत जातो म्हणजे माझ्या गाई सुटल्या ना?" नाही सुटल्या. परत गेलेला अमोनिया वाऱ्याबरोबर पुढे कुठेतरी उतरतोच. इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो आणि त्यांच्या ईशान्येला हीथचा माळ आहे. मी हे सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, यंत्रं राहू देत, पण कुंपणाचं फाटक लावून जात जा.